जाणाऱ्याचं सोनं

हर्नानीने तटाचा शेवटचा दगड बसवला आणि तोंडातला बर्फाचा खडा या गालातून त्या गालात सरकवला. पडद्यावर, डोंगराच्या कुशीत, त्याचा किल्ला पुरा झाला होता. धान्याची कोठारं, लोहाराची भट्टी, बुरुजांवर तिरंदाज. खाली नदीकाठी धाकट्या भावाची, रेमारची, म्हणजे घरच्या तोतोची, छावणी. तिथे ना तट ना कोठार. नुसते घोडेस्वार, आणि तेही एका जागी उभे राहायला तयार नसलेले.

"तोतो, घोडे मागे घे. पुलापलीकडे मरतील."

"मरू देत. तू आहेस ना नवे द्यायला."

"मी काय तुझी पागा आहे?"

"मग मानोंग कशाला असतो माणसाला?" रेमार थोरल्याला म्हणाला. दोघांच्या खुर्च्या शेजारी-शेजारी होत्या, तरी बोलताना कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

सगळ्यांची मावशी असलेल्या नांग क्लेमेनच्या संगणक-खेळांच्या दुकानात पुढच्या रांगेतल्या यंत्रांवर शाळा सुटलेली पोरं नव्या खेळात बंदुका झाडत होती. मागच्या कोपऱ्यातली ही दोन यंत्रं जुनी. राक्षसांच्या आणि जादूगारांच्या एका सिनेमामालिकेवरून निघालेला हा खेळ आता फक्त त्यांच्यावरच चालायचा. ज्यांनी तो बनवला त्यांनी त्याची दारं कधीच बंद केली होती. नांगने मात्र यंत्रं भंगारात घातली नाहीत. विचारलं तर म्हणायची, भंगारवाला भाव देत नाही.

"लोलो," पुढच्या रांगेतलं एक पोर मान वळवून ओरडलं, "तुमच्या राक्षसांना संधिवात झालाय का? किती हळू चालतात!"

"तुझ्या आजोबाला जाऊन म्हण लोलो," रेमार म्हणाला. "मी चाळिशीचा पण नाही अजून."

हर्नानी हसला. हसताना त्याने डावा हात उशीवरून हलू दिला नाही. त्या हाताची शीर दोरखंडासारखी फुगलेली होती. तिच्यातूनच त्याचं रक्त बाहेर काढून, धुऊन, परत आत सोडत. आठवड्यातून तीनदा रेमार त्याला आपल्या तीनचाकीत घालून डायलिसिसला नेई, आणि जाण्याआधी दोघं इथे एक डाव टाकत. डाव अर्धा राहिला तरी चालेल, पण दवाखान्यातली खुर्ची चुकता कामा नये, म्हणून रेमारच्या मोबाइलवर गजर लावलेला असे. उशीर झाला की तिथे पुढच्या रोग्याला बसवत.

रेमारला उशीर कधी होत नसे. त्याने स्वतःचं मूत्रपिंड द्यायची तयारी दाखवली होती. तपासण्याही झाल्या. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितले आणि म्हणाल्या, तुलाच मधुमेह आहे, तुझं घेता येणार नाही. त्या दिवशी तो दवाखान्याच्या वाहनतळावर उभा राहून आपल्याच पोटाला शिव्या देत होता. तेव्हापासून त्याने एवढंच धरून ठेवलं होतं की भावाला वेळेवर पोचवायचं. आणि भावाच्या तोंडावर पहारा ठेवायचा. पाणी मोजून. तहान अनावर झाली तर बर्फाचा एक खडा. दुकानाच्या दारात नांग शहाळी विकायची. जगात कुठेही आजारी माणसाला शहाळं नेऊन देतात, पण मूत्रपिंडं गेलेल्या माणसाला तेच विष, हृदय बंद पडायला पुरेसं. एकदा हर्नानीने नुसता हात लावला तर रेमारने शहाळं हिसकावून गटारात फेकलं होतं. त्यानंतर हे दोघं आले की नांग शहाळ्यांवर गोणपाट टाकायची.

"तोतो."

"हं."

"मी डॉक्टरीणबाईंशी बोललो."

"पुलाकडे बघ."

"बघतोय. हाताची शीर आता चालत नाही म्हणाल्या. पुढची नळी मानेत."

"मग मानेत. मानेत तर मानेत."

"मी विचारलं, डायलिसिस नकोच म्हटलं तर? त्या म्हणाल्या, तो निर्णय तुमचा."

"डावीकडून शिड्या येतायत, मानोंग! तिरंदाज कुठायत तुझे?"

हर्नानीने तिरंदाज वळवले. हा खेळ बुद्धिबळासारखा शहाणा नाही. तुमची चाल होईपर्यंत समोरचा थांबत नाही. तुम्ही विचार करत बसा, डोकं खाजवा, रडा, तिकडे शत्रूची भट्टी पेटलेलीच. यंत्राच्या काळ्या सैन्याने पूल घेतला. रेमारचे घोडेस्वार चिखलात पडले, आणि त्यांच्यावरून राक्षस संथपणे, खरंच संधिवात झाल्यासारखे, किल्ल्याकडे चढू लागले.

मागच्या आठवड्यातही हर्नानीने विषय काढला होता. डायलिसिसनंतर तो तीनचाकीत गुडघे पोटाशी घेऊन पडला होता, दोनदा ओकला होता. पुरे झालं रे आता, असं तो म्हणाला. रेमारने इंजिनाचा कान पिळला आणि घर येईपर्यंत तो आवाज कमी होऊ दिला नाही.

नाण्यांचा खळखळाट झाला.

रेमारच्या पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं उमटली. तुमच्या मित्राने तुम्हाला सोनं पाठवलं आहे. त्याला वाटलं, घोड्यांसाठी असेल. मग त्याने आकडा बघितला. थोडंथोडकं नव्हतं. होतं नव्हतं तेवढं सगळं होतं.

या दुकानात एक रीत होती. ते दोघं पोरसवदा असल्यापासूनची, त्यांनीच पाडलेली. आई संध्याकाळी हातात चप्पल घेऊन दारात उभी राहायची आणि हाक नेहमी थोरल्याला मारायची. पाणी भरायला थोरला, मासळी निवडायला थोरला. खेळाडू उठून गेला की त्याचं सोनं त्याच्याबरोबर बुडतं, म्हणून हर्नानी चपलेचा आवाज ऐकला की आधी सगळं सोनं रेमारला धाडायचा आणि मग उठायचा. पुढे दुकानातली सगळीच पोरं तसं करू लागली. जाणाऱ्याने सगळं देऊन जायचं. आणि ज्याला मिळालं त्याने डाव सोडायचा नाही, हरत असला तरी शेवटपर्यंत लढायचं.

आज दारात आई नव्हती. ती जाऊनही वर्षं झाली होती.

रेमारने सगळं सोनं परत पाठवून दिलं. हर्नानीच्या यंत्रातून खळखळाट झाला. थोड्या वेळाने खळखळाट पुन्हा रेमारकडे झाला.

"खेळ नीट," रेमार म्हणाला. "मस्करी नको."

"मस्करी नाही करत."

"तट पडतोय तुझा."

"पडू दे. तुझ्याकडे सोनं आहे, तू सावर."

"मला नाही येत तट बांधायला! तुला माहितीये. मी आयुष्यात एक भिंत बांधली नाहीये, मानोंग. सगळं तूच—"

त्याने वळून बघितलं. हर्नानीने माऊस सोडला होता. उजवा हात डाव्या हातावर ठेवून तो पडद्याकडे बघत होता, चर्चमध्ये प्रार्थना संपल्यावर लोक उगाच दोन मिनिटं बसून राहतात तसा. त्याच्या ओठांवर पांढऱ्या भेगा पडल्या होत्या. रेमारने त्या रोज बघितल्या होत्या, पण त्याचं लक्ष कायम घड्याळाकडे असायचं.

"मी दमलोय रे, तोतो," हर्नानी म्हणाला. "तुला कंटाळून नाही. तसं समजू नकोस. नुसता दमलोय."

रेमारने सोन्याच्या खुणेवर बाण नेला. परत पाठवायला एक टिचकी पुरे होती. बाण तिथे थांबला. वर किल्ल्याचा दरवाजा राक्षसांनी खांदे लावून वाकवला होता आणि तिरंदाज बुरुजांवरून एकेक करून खाली पडत होते. कुणीच कुणासाठी थांबलं नव्हतं.

मोबाइलचा गजर वाजला. पुढच्या रांगेतल्या पोरांनी कुरकुर केली. रेमारने तो बराच वेळ वाजू दिला, मग डाव्या हाताने बंद केला. बाण खुणेवरून काढून त्याने किल्ल्यावर नेला आणि गवंड्यांना हुकूम दिला. पहिला दगड वाकडा बसला.

"ए रेमार!" दारातून नांग क्लेमेनचा आवाज आला. "झोपलास काय? निघा ना आता. खुर्ची जाईल दुसऱ्याला."

"नांग," रेमार म्हणाला. त्याने पडद्यावरची नजर काढली नाही. "एक शहाळं फोडा. गार बघून."

"आत्ता? आणि तू कधीपासून पितोस? साखर वाढेल."

"मला नाही. मानोंगला."

गोणपाट ओढल्याचा आवाज आला नाही. पोरांच्या बंदुका तेवढ्या चालू होत्या. नांग आत येऊन खांबाशी उभी राहिली. तिने आधी रेमारकडे बघितलं, मग हर्नानीकडे. हर्नानीने तिला मान डोलावली, लहानपणी उधार काकडी-लोणचं मागताना डोलवायचा तशीच. हातातल्या फडक्याने तिने तोंड पुसलं आणि बाहेर गेली. मग कोयत्याचे घाव ऐकू आले, एरवीपेक्षा हळू.

हर्नानीने शहाळं दोन्ही हातांनी धरलं. काडी घेतली नाही. तोंडाला लावून तो पीत राहिला, पाणी हनुवटीवरून गळ्यात, सदऱ्यात उतरलं, तरी थांबला नाही. रेमार बघत नव्हता. त्याला दरवाजामागे दुसरी भिंत उभी करायची होती, आणि डोळ्यांपुढे सगळं धूसर झाल्यामुळे दगड कुठे पडतायत ते त्याला नीट दिसत नव्हतं.

"उजवीकडे, तोतो," हर्नानी शहाळं खाली ठेवत म्हणाला. "उजवीकडून येतायत."

"बघतोय," रेमार म्हणाला.