दोन वेगळे ठोके

मी एक जुनी लाकडी नळी आहे, मित्रांनो. लांबीला मी तुमच्या वितीएवढी आहे. माझं एक टोक पेल्यासारखं पसरट आहे, दुसरं बशीसारखं चपटं, आणि मधून आरपार भोक आहे. मला पाहून कुणी पिपाणी म्हणतं, कुणी मेणबत्ती लावायची वस्तू समजतं. एका पाहुण्याने तर गप्पा मारता मारता माझ्यात आपलं पेन खोचून ठेवलं होतं. मी काही बोलले नाही. माझं काम बोलायचं नाहीच, ऐकवायचं आहे.

बाळ आईच्या पोटात असतं ना, तेव्हाही त्याचं हृदय चालू असतं. माझं पसरट टोक आईच्या पोटावर ठेवायचं आणि चपट्या टोकाला कान लावायचा. नीट जागा सापडली की बाळाचा ठोका ऐकू येतो. मला वीज लागत नाही. एक चांगला कान लागतो आणि आसपास शांतता लागते.

मला एका कातारीने घडवलं. कातारी म्हणजे लेथवर लाकूड फिरवून त्याला आकार देणारा कारागीर. त्याची बायको सुईण होती. घरोघरी जाऊन ती गरोदर बायकांना तपासत असे. सगळे तिला बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणते. बाईंकडे आधी पत्र्याची नळी होती. एकदा ती सायकलवरून पडली आणि मागून येणाऱ्या दुधाच्या गाडीखाली चपटी झाली.

बाई तशाच नवऱ्याच्या कारखान्यात आल्या. "अहो, उद्या सकाळी मला तीन घरी जायचंय. आज संध्याकाळपर्यंत नळी करून द्या."

"लाकूड कुठाय? हे सगळं ओलं आहे. वाळलं की तडकेल."

"लाकूडवाल्याने मला विचारायचं, लाकूड कुठाय?"

कातारीने डोकं खाजवलं आणि घरात जाऊन इकडेतिकडे पाहिलं. जेवायच्या टेबलाचे पाय जाडजूड होते आणि वीस वर्षांचे वाळलेले होते. त्याने टेबल उलटं केलं आणि करवत लावली. बाई बघतच राहिल्या. "अहो, जेवायचं कशावर?"

"विटा लावू की," तो म्हणाला.

तर मित्रांनो, मी मुळात टेबलाचा पाय. ते टेबल आजही तीन पायांवर आणि सात विटांवर उभं आहे.

खरं सांगायचं तर मी पहिली नव्हे. माझ्याआधी त्याने त्याच पायाच्या वरच्या अर्ध्यातून एक नळी केली होती. तिला कड्या होत्या, मणी होते, कमरेला नक्षीचा पट्टा होता. बायकोसाठी करत होता ना, मग हात राखायचा कशाला? बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली.

"हे काय? बुद्धिबळातला हत्ती?"

"शोभा आहे ती."

"पोटातल्या बाळाला शोभा दिसत नाही हो. या खाचांमध्ये मळ बसेल, तो मी कशाने काढू?"

मग उरलेल्या लाकडातून त्याने मला काढलं. एक रेघ नाही, एक मणी नाही. बाई शेजारी स्टुलावर बसल्या आणि त्यांच्या कानाला लावून लावून त्याने माझी बशी बेताची केली. गिरमिटाने भोक पाडलं, पॉलिश पेपरने घासलं, तेल पाजलं. बाईंनी मला कानाला लावलं आणि म्हणाल्या, "आता कशी शहाण्यासारखी दिसतेय." ते शब्द माझं पहिलं बक्षीस होतं.

पुढे अठरा वर्षं आम्ही दोघींनी काम केलं. बाईंची एक पद्धत होती, ती नीट लक्षात ठेवा, कारण माझी सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. ऐकताना त्या मला हाताने धरत नसत. पोट आणि कान यांच्यामध्येच मी घट्ट बसायची. मोकळा झालेला हात त्या आईच्या मनगटावर ठेवायच्या, नाडीवर. कारण पोटात आईच्याही रक्ताचे ठोके वाजत असतात. घाबरलेल्या किंवा ताप असलेल्या आईचं हृदय जोरात धावतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हेच बाळ. म्हणून कानात एक ठोका आणि बोटाखाली दुसरा. दोन्ही वेगवेगळे चालले, तरच बाई मान हलवायच्या.

मग बाईंनाच दिवस गेले. त्यांची फार इच्छा होती की कातारीने आपल्या बाळाचा ठोका ऐकावा. तो लाजत लाजत वाकला. कान लावून बराच वेळ राहिला.

"येतंय का ऐकू?"

"हो, येतंय."

मित्रांनो, त्याला काहीही ऐकू येत नव्हतं. लेथच्या घरघरीने त्याचे कान केव्हाच मंद झाले होते. हे मला कळलं, कारण त्याचा श्वास बदलला नाही. बाळाचा ठोका पहिल्यांदा ऐकणाऱ्या माणसाचा श्वास एकदा अडकतोच. बायकोला वाईट वाटू नये म्हणून तो खोटं बोलला होता.

बाई हसल्या. "खोटारडे कुठले! इकडे या, हात द्या." त्यांनी त्याचा एक हात आपल्या मनगटावर ठेवला. मला आपल्याच पोटावर लावून ऐकणं त्यांना जमेना, म्हणून शेजारच्या काकूंना बोलावलं. काकू माझ्यातून ऐकायच्या आणि बोटाने त्याच्या दुसऱ्या तळहातावर ठोके द्यायच्या. टिक टिक टिक टिक.

"हे मनगटातलं माझं," बाई म्हणाल्या. "तळहातावरचं बाळाचं. दोन्ही वेगळे धावतायत ना? असेच धावायला हवेत. दोन्ही एकत्र पडायला लागले तर समजायचं, आपण आईलाच ऐकतोय. मग बाळ कुठाय ते शोधायचं."

कातारीचा श्वास अडकला. ठोका त्याने कानाने नाही, हाताने ऐकला होता.

ते बाळ म्हणजे त्यांची लेक. ती चालायला-बोलायला लागली तसा तिने माझा भोंगा केला. कारखान्यात शिरायची, मला बापाच्या कानाशी धरायची आणि ओरडायची, "बाबाऽ, जेवायला चलाऽ!" बाप खुर्चीतून उडायचा. बाई रागवायच्या, "अगं, ती ऐकायची वस्तू आहे, ओरडायची नाही!" लेक म्हणायची, "पण बाबांना फक्त हिच्यातूनच ऐकू येतं."

पुढे दवाखान्यात यंत्रं आली. पट्टा बांधला की कागदावर रेघ उमटायची. बाईंना त्याचं वाईट वाटलं नाही. "चांगलं आहे," त्या म्हणाल्या, "माझ्या कानापेक्षा ते लांबचं ऐकतं." मी मात्र पिशवीच्या तळाशी गेले. मग पिशवीच कपाटात गेली. मग बाई गेल्या.

तीन आठवड्यांचं आजारपण होतं. त्याबद्दल मला जास्त सांगता येत नाही. कातारीने लेथवर चादर टाकली आणि ती काढली नाही. रविवारी तो मला कपाटातून काढायचा, तेलाच्या फडक्याने पुसायचा आणि परत ठेवायचा. 

बाई गेल्या त्यानंतर आठ दिवसांनी लेकीला कळलं की तिला दिवस गेले आहेत. फक्त आठ दिवस! लेक वरच्या मजल्यावर राहायची, नवऱ्यासोबत. पुढे काही महिन्यांनी तिने मला आठवण म्हणून वर नेलं आणि उशाशी ठेवलं. पण ठेवलं तसं मग केसांच्या पिनाही माझ्यातच ठेवायला लागली. असो.

जावई स्वभावाने लाख माणूस. लिफ्ट दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. आकडा दिसला की त्याचं समाधान व्हायचं. सहाव्या महिन्यात त्याने घरी बाळाचा ठोका ऐकायचं एक यंत्र आणलं. हातात मावेल एवढं होतं. पोटावर जेल लावून फिरवायचं. मग त्यातून आवाज यायचा, छोट्या पडद्यावर आकडा यायचा आणि दर ठोक्याला लाल दिवा लुकलुकायचा. रोज दोघं ऐकायचे. मी पिना पोटात घेऊन शेजारी बसायची. खोटं का बोलू, मला हेवा वाटायचा.

आठवा महिना सरत आला होता. रविवारची दुपार होती. कातारी सूपचं पातेलं घेऊन वर आला. लेक पलंगावर पडली होती, तोंड उतरलेलं, अंगात थोडी कणकण. जावई यंत्र धरून बसला होता.

"बाबा, कालपासून बाळ लाथा कमी मारतंय," लेक म्हणाली. आपल्या सवयीप्रमाणे मोठ्याने, बापाला ऐकू जाईल अशी. "आज तर फारच कमी. पण ठोका चांगला आहे."

"एकशे अठरा!" जावयाने पडदा दाखवला. "पुस्तिकेत लिहिलंय, एकशे दहा ते एकशे साठ. आपण पास आहोत, बाबा. झोपलं असेल, आईवर गेलंय."

"मी झोपते का रे एवढी?"

"मी तुझं नाव घेतलं का?"

दोघं हसले. कातारीला यंत्राचा आवाज ऐकू येत नव्हता. त्याला फक्त लाल दिवा दिसत होता. तो पलंगाच्या कडेला बसला आणि त्याने लेकीचं मनगट धरलं. ताप बघावा म्हणून धरलं असेल, सवयीने धरलं असेल. बोटं नाडीवर पडली.

दिवा, ठोका. दिवा, ठोका. दिवा, ठोका.

त्याने मनगट सोडलं आणि पुन्हा धरलं. दिवा, ठोका. दोन्ही एकत्र पडत होते.

"हे बाळाचं नाही," तो म्हणाला. "हे तुझं आहे."

"बाबा, अहो यंत्र आहे ते," जावई म्हणाला. "आकडा चुकत नाही."

"आकडा बरोबर आहे. माणूस चुकीचा आहे. हिला ताप आहे, घाबरलीय ही, हिचंच हृदय धावतंय. धर, तू धर मनगट."

जावयाने धरलं. दिव्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा झाला.

लेक उठून बसली. "बाबा, मग नळी लावा. आईची नळी आहे ना इथे!"

मित्रांनो, किती वर्षं मी या क्षणाची वाट पाहत होते! कातारीने मला उचललं, पिना झटकल्या. मला वाटलं, आता मला पोटावर ठेवतील. त्याने मला सदऱ्याच्या खिशात घातलं.

"नाही," तो म्हणाला. "तुझी आई काय सांगायची? बाळाची हालचाल कमी झाली की कान लावून बसायचं नाही. उठायचं आणि दवाखाना गाठायचा. चल, चपला घाल."

"सूप..."

"सूप गेलं खड्ड्यात!"

दवाखान्यात पट्टा बांधला, कागदावर रेघ आली. या वेळी बाळाची. ती चालत होती, पण थकलेल्या माणसासारखी, मध्येच खाली बसत होती. डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले आणि लेकीला लगेच ऑपरेशनला आत नेलं.

बाहेर बाकावर कातारी आणि जावई बसले. मी खिशात होते, अर्धी आत, अर्धी बाहेर, त्याच्या छातीला टेकून. पाऊण तास मी एकाच माणसाचा ठोका ऐकला. बाईंच्या आजारपणातही याच दवाखान्यातल्या बाकावर तो असाच बसला होता. तेव्हा मी कपाटात होते. या वेळी त्याने दर दोन मिनिटांनी मला चाचपून पाहिलं.

मग दार उघडलं. कुणीतरी काहीतरी म्हणालं. कातारीला ऐकू आलं नाही. त्याने जावयाच्या तोंडाकडे पाहिलं, पण ते पोर रडत होतं आणि रडणाऱ्याच्या तोंडावरून काय ओळखणार? "काय? काय झालं? बोल की!" कातारी ओरडला.

 जावयाने सासऱ्याच्या खिशातून मला उपसलं, त्याच्या कानाला लावलं आणि सगळा जीव एकवटून ओरडला, "बाबाऽ, मुलगी झालीऽ! रडतेयऽ! दोघी ठीक आहेतऽ!"

सगळा दवाखाना दचकला. नर्स धावत आली. "अहो, हळू! दवाखाना आहे हा!" मग तिची नजर माझ्यावर पडली आणि ती तिथेच थांबली. "ही तर बाईंची नळी. मला मनगट धरायला त्यांनीच शिकवलं." तिने दोघांकडे पाहिलं आणि म्हणाली, "ओरडा. आणखी एकदा ओरडा."

माझा भोंगा केलेला बाईंना आयुष्यभर खपला नाही. पण त्या दिवशी त्यांनीही काही म्हटलं नसतं. अठरा वर्षांत मी हजारो ठोके ऐकवले, पण एवढी मोठी बातमी कधी पोचवली नव्हती.

नंतर डॉक्टर बाहेर आल्या. वार, म्हणजे आईकडून बाळाला पोषण पोचवणारा अवयव, नीट काम करत नव्हती, बाळाला रक्त कमी पडत होतं, असं त्यांनी समजावलं. "आज आलात म्हणून," एवढंच म्हणाल्या. पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. ते कुणाला हवंही नव्हतं.

बाळ बारा दिवस काचेच्या उबदार पेटीत राहिलं, मग घरी आलं. कातारीने लेथवरची चादर काढली. पाळण्याचे खांब कातले, एकेका खांबावर चार चार मणी. आता शोभा चालेल, असं त्याला वाटलं असावं.

मित्रांनो, माझी तुम्हाला एक विनंती आहे. घरातल्या जुन्या वस्तू जरूर सांभाळा, त्यांना तेलपाणी करा, त्यांच्यात पिना ठेवू नका. पण वस्तूपेक्षा ती वापरणाऱ्याची पद्धत सांभाळा. मी तर त्या दिवशी कुणाच्या पोटाला लागलेसुद्धा नाही. बाईंनी एकदा आपल्या माणसाच्या हातात जे ठेवलं, तेच कामाला आलं. आणि तुमच्या घरात कुणाच्या पोटातलं बाळ गप्प झालं, तर मलाही विचारू नका, यंत्रालाही विचारू नका. दवाखान्याची वाट धरा.

आता मी पाळण्याशेजारी असते. परवा सकाळी लेकीने माझं पसरट टोक बाळाच्या इवल्याशा छातीवर ठेवलं आणि मला कान लावला. तिचा श्वास अडकला. मग तिने बापाला जवळ बोलावलं, त्याचा एक हात आपल्या मनगटावर ठेवला आणि दुसऱ्या तळहातावर बोटाने ठोके द्यायला लागली. टिक टिक टिक टिक.

"येतंय का ऐकू, बाबा?"

दोन ठोके, दोन वेगळे. कातारीने डोळे मिटले होते.

"हो," तो म्हणाला, "येतंय."

आणि या वेळी तो खरं बोलत होता.