गाठ वाढली

हमरापूरच्या विठूनं एकदा शाडूच्या उंदराचे डोळे असे आखले, की गावातली मांजर त्याच्या गणपतीच्या कारखान्याच्या दारात टपून टपून वाळून गेली. असं मालू सांगायची. तिच्या सांगण्यातलं अर्धं सोडून दिलं तरी नवरा कसबी, यात शंका नाही. त्या कारखान्यात एक रीत मालूनं कडक पाळलेली: 'फुटली' हा शब्द काढायचा नाही. मूर्तीचा हात निखळो नाहीतर हातातली बांगडी पिचको, ती 'वाढली'च.

तर विठूच्या पोटात गाठ झाली. औषधं सुरू झाली. लेक वैशाली रोह्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. नवा रिपोर्ट तिनंच आणला आणि फोनवर एवढंच म्हणाली, "आई, गाठ वाढली गो."

मालूनं हात जोडले. वाढली! म्हणजे सुटलो! रामवाडीहून पेढे आणवले, आळीभर वाटले.

संध्याकाळी वैशाली आली, तर बापच पेढा घेऊन दारात. "खा गो. गेली एकदाची."

"काय गेलं, बाबा?"

"गाठ. वाढली म्हनालीस ना आईला?"

वैशाली उंबऱ्यातच बसली. मालूला वाटलं, पोर आनंदानं रडतेय.

"बाबा, अंगात वाढ करायला सांगणारी प्रथिनं असतात. साऱ्या जनावरांत त्यांची एकच कुळी. माशीच्या अळीत ती श्वासाच्या नळ्यांना वाट दाखवतात, पालीची तुटलेली शेपूट परत आणतात. आईच्या पोटात माझे हातपाय काढायलाही तीच होती."

"गुणाची हायेत की मग!"

"तुझ्या गाठीतपण तीच कामाला लागलीत. तिला नव्या रक्तवाहिन्या काढून देतात. ती मोठी झालीय, बाबा. खूप मोठी."

विठू पेढ्याकडे बघत राहिला. "म्हंजे पाल मागते शेपूट," तो म्हणाला, "आन् फुटली मला."

त्या शब्दावर मालू त्याला एरवी फाडून खायची. आज तिनं नुसता त्याचा हात धरला.

"औषध बदलून?" तिनं विचारलं.

वैशालीनं नकारार्थी मान हलवली.

तेवढ्यात शेजारची बायजाबाई पेढ्यांची ताटली परत द्यायला आली. रिकामी कशी द्यायची, म्हणून तिनं त्यात साखर घातली होती. "विठूदादा बरा झाला गो मालू! यंदा डोल्यांची आखनी तोच करनार ना?"

मालूनं ताटली घेतली. विठू तिच्याकडे बघत होता.

"व्हय," ती म्हणाली, "तोच करनार."

बायजाबाई हसत हसत पुढच्या घरी सांगायला गेली.