चौसष्ट जीबीचं कार्ड

दिवस बुडता बुडता सोजराबाईनं मक्यातल्या भोंग्याचं बटण दाबलं, पण भोंगा मुकाच राहिला. एरवी कार्डात भरलेला तिचाच आवाज त्यातून गरजायचा, "हाऽऽट! निंघ मुडद्या!" पहिल्या आठवड्यात रानडुकरं जीव घेऊन पळाली होती. आज नुसता लाल दिवा लुकलुकत होता.

तिनं नवऱ्याला, मोतीरामला फोन लावला. "कार्ड बदललं का तुमी?"

"हाव. आठ जीबीचं काढून चौसष्टचं टाकलं. मोठ्या कार्डावर तू रातभर ओरडशीन, मनलं."

"अवं, दुकानदार सांगून सांगून थकला, बत्तीसच्या वरचं हा भोंगा घेतच नाई! जुनं कुठी हाय?"

"माह्या खिशात. मी जळगाव जामोदच्या बाजारात हाय."

"जळो तुमचं मोठं कार्ड!"

तेवढ्यात मका कडाडला. दहा हातांवर सुळेवालं डुक्कर उभं होतं. सगळा जीव एकवटून ती ओरडली, "हाऽऽट! निंघ मुडद्या!"

डुकरानं मान वर केली. आवाज त्याच्या ओळखीचा होता. दोन महिने तो रोज नुसता ओरडत होता, जागचा कधी हलला नव्हता.

डुकरानं तोंडातलं कणीस टाकलं आणि ते तिच्याकडे चालू लागलं.