भावफळा खाली उतरला

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, आणि त्याच्याही आधी मी एक होडी होतो. किरिबातीतल्या आमच्या बेटावर लाकूड कोणी वाया घालवत नाही. होडी खडकावर फुटली, तेव्हा तिच्या फळ्या जोडून, काळा रंग फासून मला शाळेत उभं केलं. अकरा वर्षं मी पाढे अंगावर वागवले. पुढे शाळेला नवा फळा आला आणि मला पंचायतीने मागून घेतलं.

काम मानाचं होतं. तांदूळ, पीठ, साखर यांचे सरकारी भाव राजधानीहून कळत, ते माझ्यावर लिहायचे. म्हणून मला मनेआबात, म्हणजे गावाच्या सभाघरात, वडीलधाऱ्यांच्या बैठकीवर अगदी तुळईखाली टांगलं. सगळ्यांनी वाहवा केली. मीही फुगून गेलो.

चूक तिथेच झाली. मनेआबात सगळे चटईवर बसतात. वडीलधारे बसलेले असताना कोणी ताठ उभं राहत नाही, जायचं तर कमरेत वाकून. आणि तिथे कोणी ना कोणी म्हातारबुवा कायम पहुडलेले असतातच. त्यांच्या डोक्यावर मान उंचावून माझी बारीक अक्षरं वाचणार कोण? कारकून तेन रुआतू (आमच्याकडे पुरुषाच्या नावाआधी मानाने 'तेन' लावतात, बाईच्या नावाआधी 'नेई') शिडी लावून इमानाने भाव लिहायचा आणि ते कोणीच वाचायचं नाही. मला फार एकटं वाटायचं.

इकडे महागाई वाढत चालली होती. नेई ब्वेरेइया ही पाच नातवंडांची आजी मनेआबातच बसून चटया विणायची. पंचायतीच्या दुकानात तांदळाचं पोतं एकतीस डॉलरला झालं, तसा तिने भात निम्म्यावर आणला. "पोरं नीरफणस खाऊन कंटाळलीत गं," असं ती शेजारणीला सांगायची. माझ्या अंगावर चोवीस लिहिलेलं होतं. पण मला तोंड कुठे होतं?

शेवटी एका सभेत ती आपल्या घराण्याच्या ठरलेल्या जागेवरून बोलली.

"त्या फळ्यावर काय लिहिलंय, ते मला वाचायचंय."

"अगं, तो मानाने वर टांगलाय," थोरले तेन बाकोआ म्हणाले.

"मला इथून उठता येत नाही, पण फळ्याला खाली यायला काय झालं? तुम्हाला तरी तिथून दिसतो का हो?"

"मला तर जवळूनही दिसत नाही!" म्हातारा हसला, सभाही हसली, आणि दोघांनी मला उतरवून चटईवर टेकवलं.

नेई ब्वेरेइयाने बोट ठेवून वाचलं, "तांदूळ, चोवीस. जहाजाचं भाडं सरकारने भरलेलं आहे." मग ती वळली. "रुआतू, वरचे सात कसले रे?"

दुकानही रुआतूच चालवायचा. त्याचा चेहरा उतरला. "भाड्याचे. पहिल्यापासून घेतोय, तसेच घेत राहिलो. हे मीच लिहिलं, पण लिहिताना डोकं चालवलं नाही. ते पैसे मी खाल्ले नाहीत हं! पंचायतीच्या होडीला नवं इंजिन आलं ना, ते त्यातूनच."

"म्हणजे त्या इंजिनात माझ्या नातवंडांचा भात जळतोय!"

या वेळी कोणी हसलं नाही. इंजिन आलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, पण पैसे कुठून आले हे एकानेही विचारलं नव्हतं. थोरल्यांनी तिथेच निकाल दिला: पोतं आजपासून चोवीसला, आणि पुढची दोन जहाजं येईपर्यंत त्या होडीचे मासे घरोघर फुकट. रुआतूने मान खाली घालून कबूल केलं.

तेव्हापासून मी खांबाला टेकून चटईवरच आहे. जहाज आलं की रुआतू माझ्याशेजारी बसून भाव मोठ्याने वाचतो, आणि नेई ब्वेरेइया बोट ठेवून तपासते. मासे वाटून झाले, पण तपासणं चालूच आहे. माझा एक कोपरा तिच्या बोटाने पांढरा पडलाय. मी सुखात आहे.

मित्रांनो, तुमच्याही गावात माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला रंग द्या, पावसापासून जपा. पण मानाच्या नावाखाली त्याला उंच टांगू नका. बसलेल्या माणसाला दिसेल असा ठेवा, आणि रोज वाचा.