यंदाची निळी

मास्तरीणबाईंनी तीस वर्षं गणित शिकवलं. हातच्याचा एक विसरणाऱ्याला त्या माफ करायच्या, पण शेजाऱ्याच्या वहीत डोकावणाऱ्याच्या थेट आईलाच शाळेत बोलावून घ्यायच्या. अशा बाईने उतारवयात खोटे आकडे लिहिले, असं कुणाला सांगितलं असतं तर त्याने वेड्यात काढलं असतं. म्हणून तर ते इतके दिवस खपून गेलं.

काम तसं साधं होतं. फुलपाखरं आणि पतंग वाचवणाऱ्या एका संस्थेसाठी दर बुधवारी अकरा वाजता टेकडीवरची ठरलेली वाट चालायची, दोन्ही बाजूंना अडीच पावलांच्या आत दिसतील ती फुलपाखरं मोजायची आणि तक्ता भरून पाठवायचा. दहा वर्षं बाईंनी हे नेमाने केलं. त्यांचा जीव जडला होता तो छोट्या निळीवर. नखाएवढं फुलपाखरू ते. टेकडीच्या या उतारावर आणि पलीकडच्या बंद पडलेल्या खाणीपाशी, एवढंच काय ते उरलेलं.

यंदा निळी आलीच नाही. पहिल्या बुधवारी बाई तीच वाट दोनदा चालल्या. घरी येऊन तक्ता उघडला, पण शून्य लिहायला हात धजेना. शून्य दिसलं की संस्था या उतारावर काट मारणार, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. त्यांनी चार लिहिले. आज ना उद्या येतीलच, मग कुठे बिघडलं? पुढच्या आठवड्यात सात लिहिले, त्यानंतर चौदा. हंगामात आकडा कसा चढतो ते त्यांना तोंडपाठ होतं.

चौथ्या आठवड्यात संस्थेच्या चिटणीसबाईंचा फोन आला. आवाजात नुसता आनंद होता.

"बाई, आपण संस्थेत अंड्यांपासून वाढवलेल्या निळ्या काल खाणीपाशी सोडल्या. सगळ्याच्या सगळ्या. तिथून यंदा शून्य आलं होतं ना."

"सगळ्या? थोड्या मागे नाही ठेवल्या?"

"कशाला? तुमच्याकडे चौदा आहेत की. खाणीवर नाहीच जगल्या, तर पुढच्या वर्षी तुमच्या उतारावरून अंडी आणू. तुमच्या भरवशावर तर धीर केला."

गप्प राहणं अजूनही सोपं होतं. बाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"माझ्याकडे चौदा नाहीत," त्या म्हणाल्या. "यंदा एकही नाही. मी मनाने लिहिलं."

चिटणीसबाईंनी एकच विचारलं.

"आणि आधीची दहा वर्षं?"

"ती खरी आहेत. एकूण एक आकडा खरा आहे हो."

"मला पटतंय, बाई," चिटणीसबाई हळूच म्हणाल्या. "पण आता ते मी दुसऱ्या कुणाला कसं पटवून देऊ?"

बाईंनी भीत भीत विचारलं, "येत्या बुधवारी जाऊ ना मी?"

"जा की. तुम्हाला कोण अडवणार?" चिटणीसबाई क्षणभर थांबल्या. "फक्त तक्ता पाठवू नका."