बाळाच्या खोक्यातला चहा

तान्ह्या बाळांच्या घरी सरकारातून फुकट येतं ते खोकं तुम्ही भरलंत. त्यात चहा तुम्ही घातलात. झाकणावर गुटगुटीत बाळाचं चित्र छापलंत तेही तुम्हीच. आणि आता सभेत माईक धरून सांगता की डोंगरातल्या बायका अडाणी, तान्ह्या पोरांना चहा पाजतात. मग आमच्या घरात काय झालं ते ऐकूनच घ्या.

माझी धाकटी जाऊ नुरझात. तिची पोर आकमराल, नऊ महिन्यांची. नुरझातला दूध पुरेना, तेव्हा आमच्या सासूबाईंनी, कालिपाबाईंनी, नातीला चहा सुरू केला. दूध-साखर घालून, वर खोक्यातलंच बिस्किट बुडवून. सासूबाई काही वेड्या नाहीत. आमच्याकडे पाणी पाटाचं, त्यात वरच्या अंगाला मेंढरं पाय बुडवून उभी असतात. चहा निदान उकळलेला असतो. आणि तो बाळाच्या खोक्यातून आलेला. शंका घ्यायची कशावर?

पोर रडायची बंद झाली. आम्हाला वाटलं, शहाणी झाली. मग ती रांगत जाऊन चुलीची माती चाटायला लागली. ओठ पिठासारखे पांढरे. नुरझात तिला तालुक्याला घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी पापणी खाली ओढून पाहिली, रक्त तपासलं आणि बोलल्या, "अंगात रक्तच नाही हिच्या. आधी चहा बंद. जेवणातलं लोह तो अंगी लागू देत नाही. तहानेला उकळून गार केलेलं पाणी द्या. औषध देते, पण मांस, अंड्यातलं पिवळं, कलेजी, मसूर, असं काहीतरी मऊ करून रोज पोटात गेलं पाहिजे. महिन्यानं पुन्हा आणा. रक्त वाढलं नाही तर नारिन शहरातल्या इस्पितळात भरती."

घरी आल्यावर नुरझातनं हे सगळं सांगितलं. सासूबाई कणीक मळत होत्या.

"मी सहा पोरं चहावर वाढवली," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच आमचे मालक दिवसभर पेंगतात," मी म्हटलं.

"तू गप्प बस गं, सोनुनबू! तुझी जीभ आधी उकडून खाल्ली पाहिजे." त्यांनी पिठाच्या हातानं फळीवरचं खोकं ओढलं आणि नुरझातच्या पुढ्यात आपटलं. "हे बघ. हे बाळ, हा चहा. सरकार बाळाच्या खोक्यात विष घालेल होय? ती डॉक्टरीण कालची पोर!"

खोकं तर समोरच होतं.

नुरझातनं चोरून चहा बंद केला, पण द्यायचं काय? हिवाळ्यातलं मांस संपलेलं. कोंबड्या कोल्ह्यानं नेल्या. मसूर बाजारात, आणि बाजाराची वाट चिखलानं बंद. गोठ्यात एकच मेंढी होती, तीही नणंदेच्या, बेगायिमच्या, सोयरिकीसाठी राखलेली. सोयरे यायचे त्याच दिवशी ती कापली.

आमच्यात शेपटीची चरबी आणि कलेजी सोयऱ्यांनी खाल्ली की सोयरीक पक्की. मग कुणाला मागे फिरता येत नाही. मेंढीला कलेजी एकच. नुरझातनं तिचा एक तुकडा वाडग्याखाली लपवला आणि सासूबाईंनी तो बरोबर शोधला.

"सोयऱ्यांच्या ताटातलं चोरतेस?"

"चोरत नाही, आई. मागते."

"कमी दिसली तर म्हणतील, मुलीकडच्यांनी हात आखडला. बेगायिमला जन्मभर ऐकावं लागेल." तुकडा परत ताटात गेला.

आत वरच्या मानाच्या जागी नवऱ्या मुलाचा चुलता बसला होता. तेमिरकान. तुमचाच माणूस, खोकी वाटणारा. सासूबाई ताट घेऊन आत गेल्या, त्यावर मिठाचं पाणी पाहुण्यांसमोर ओततात, ते अजून ओतायचं होतं. आणि आम्हाला धडा शिकवायला त्यांनी त्यालाच विचारलं, "साहेब, तुम्हीच सांगा या सुनांना. म्हणतात, तुमचा चहा पोराला वाईट."

तो हसला. "अहो आजी, मांडीवरच्या पोराला कुणी चहा पाजतं का? तो आयांसाठी."

"मग झाकणावर बाळ कशाला?"

"खोकी छापून येतात. आम्ही असेल तो माल भरतो. चहा स्वस्त पडतो, टिकतोही."

"पोराला वाईट हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"डॉक्टर लोक दरवर्षी कळवतात की."

"आणि आम्हाला?"

"आता एवढं तर माणसाला कळायला हवं, आजी!"

बसलेले हसले. सासूबाई नाही हसल्या. पाहुण्यांकडे पाठ करून त्या ताट घेऊनच दारापाशी नुरझातजवळ जाऊन बसल्या. कलेजीचा तुकडा बोटांनी चुरला, गरम पाण्यात कालवला आणि नातीच्या ओठांना लावला. पोरीनं आधी तोंड वाकडं केलं, मग बोटासकट चोखलं.

मुलाचे वडील अवघडले. "विहीणबाई, ताट इकडे."

"आणते. लेकरू जेवलं की आणते."

तेमिरकान आधी उठला. त्याच्यामागे बाकीचे. ताटाला कुणी हात लावला नाही. मुलाची आई बूट चढवत दारात रेंगाळली आणि मला हळूच म्हणाली, "कलेजी नुसती उकडायची ना? मिठाशिवाय?" तिच्याही घरी नातू आहे. ते खोकं तिच्याही घरी गेलेलं.

सोयऱ्यांचा निरोप अजून आलेला नाही. बेगायिम आईशी बोलत नाही. सासूबाई रोज सकाळी पोरीचा ओठ उलटून बघतात. उरलेली मेंढी तिच्यासाठी खारवून ठेवली आहे, धुऊन, शिजवून, चुरून देतो. चिखल वाळल्यावर मसूर आणली. परवा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त वाढतंय, भरती करायची गरज नाही.

पण आमच्या आळीत आणखी चार पाळणे आहेत, आणि तुमचा ट्रक पुन्हा येणार आहे. डॉक्टर दरवर्षी कळवतात, असं तुमच्याच माणसानं आमच्या घरात बसून सांगितलं. कुणाला कळवतात? त्याचं नाव सांगा. आणि कळल्यावरही "भरा चहा" असं कोण म्हणालं, त्याचंही नाव सांगा.