कोरियन पोरींच्या बाह्या

"खलास, उल्हासभाई! मार्कर नीचे रखो!" गोदामाच्या दारातूनच सुपरवायझर अन्वर ओरडला.

उल्हासनं मान वर केली नाही. समोर कोरियन पोरींची सीडी होती. चौघी जणी, चौघींचे दंड उघडे. तिघींना काळ्या बाह्या घालून झाल्या होत्या, चौथीची कोपरापर्यंत आली होती. "रुक यार, इसको आधा कपडा पहना के छोडू क्या?"

उघडं अंग मार्करनं झाकल्याशिवाय इथं सीडी दुकानात जायची नाही. बाकीचे लोक मार्कर मारायचे म्हणजे नुसता फासायचे, रस्त्यावर डांबर ओतल्यासारखा. उल्हास पूर्वी सावंतवाडीला दुकानांच्या पाट्या रंगवायचा, त्याच्यानं असलं गचाळ काम व्हायचं नाही. तो बाही काढायचा. कुणाला फुग्याची, कुणाला मनगटाशी घट्ट. मंदीत दुबईतली माणसं भराभर विमानात बसली, या गोदामातली टेबलंही रिकामी झाली. उल्हासचं तेवढं राहिलं. त्या बाह्यांनीच त्याचा व्हिसा टिकवला म्हणा ना.

अन्वर जवळ येऊन बसला. "ऊपर से आया है. अब ढकना नही. जैसा माल आया, वैसा दुकान में. और तुम्हारा... इस महीने तक."

"पॅकिंग में देखो ना."

"पूछा मैने. इन्शाल्ला बोलते है."

कुठला इन्शाल्ला होकाराचा आणि कुठला नकाराचा, हे एवढ्या वर्षांत उल्हासला कळत होतं. त्यानं चौथीची बाही पुरी केली, मार्करला टोपण लावलं.

निघताना अन्वरनं त्याच पोरींची, मार्कर न लागलेली एक सीडी त्याच्या हातात कोंबली. "बेटी को देना."

सृष्टी शाळेत होती तेव्हापासून मागायची, "बाबा, वन क्लीन वन, प्लीज!" आणि हा खेकसायचा, "एका सीडीपायी मला घरी बसवतेस का गं?"

शारजाच्या फ्लॅटमध्ये सुलभा पोळ्या लाटत होती. बायकोला काय सांगायचं ते न सुचून उल्हास सरळ लेकीकडे गेला.

"ओ बाबा! सो स्वीट! बट नोबडी बाइज सीडीज नाऊ." त्याचा चेहरा बघून तिनं मोबाइलच्या वायरचं एक बोंडुक त्याच्या कानात घातलं. "लिसन. धिस वन वॉज बॅन्ड फॉर किड्स. इन कोरिया! बिकॉज ऑफ ड्रिंकिंग. नाऊ इट्स ओके."

"त्यांच्याच देशात? कोण घालायचं बंदी?"

"सम ऑफिस. दे लिसन टू एव्हरी साँग."

उल्हासला एक माणूस दिसला. गाणी ऐकत बसलेला, दारूचा शब्द आला की शिक्का मारणारा. संध्याकाळी डबा घेऊन घरी जाणारा.

"मग त्याचं काय झालं?"

"हूज?"

"त्या ऐकणाऱ्याचं. बंदी उठल्यावर."

सृष्टी हसणार होती. तिनं सीडीकडे पाहिलं, त्या उघड्या दंडांकडे, मग बापाकडे. गाणं बंद केलं.

"मिळेल ना, बाबा," ती मराठीत म्हणाली, "दुसरं काम."

स्वयंपाकघरात लाटण्याचा आवाज थांबला होता.